ऐकलं की ठरवलं?

लार्च हार्बर
२२ सप्टेंबर १९९६

सायमा,

तुला सर्दी झाली आहे. नाही म्हणू नकोस. सोमवारी सकाळी तू वीज कंपनीच्या रेडिओवरून सात नंबरच्या गाडीला टेकडीकडे पाठवत होतीस तेव्हाच माझ्या लक्षात आलं. मंगळवारी आवाज पार बसला, आणि काल तर तारेवर काम करायच्या परमिटचा नंबर वाचून दाखवतानाच तू शिंकलीस. जिल्ह्यातल्या तमाम लाइनमननी ती शिंक ऐकली, मीही ऐकली. गरम दुधात मध घाल आणि सौनाच्या वाफेत जाऊन बस. तुझ्या आयर्नटनच्या काडेपेटीएवढ्या घरात सौना नाही हे मला माहीत आहे. इथे आहे, आणि शनिवारी मी तो तापवतोच, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

गेल्या महिन्यात मी दुकानाच्या छपरावरचा एरियल आणखी उंच केला. जेगो ट्रेव्हॅरोने शिडी धरली. आगीचा बंब सांभाळतो म्हणून शिड्यांमधलं आपल्यालाच सगळं कळतं असं त्याला वाटतं, आणि शिडी धरायची म्हणजे टोमणे मारायचाही हक्क मिळतो असंही वाटतं.

"अरे आर्मास, पोरगी साठ मैलांवर बसलीय. गाडी काढ आणि जा की! या वयात छपरावर कसला चढतोस?"

"गाडीने गेलो तर ती दार उघडेल की नाही कोण जाणे. हा एरियल लावला की रोज बोलते."

"तुझ्याशी कुठे बोलते? खांबावर लटकलेल्या गड्यांशी बोलते."

"आवाज तिचाच ना?" मी म्हणालो. यावर त्याने नुसती शिडी हलवली, म्हणजे माझंच बरोबर होतं.

मग मी त्याला खाली चहा पाजून सगळी व्यवस्था समजावून सांगितली. तुला यातलं नवं काही नाही, पण माझी तयारी किती आहे ते तुलाही कळू दे. तुमचं ऑफिस एका फ्रिक्वेन्सीवर बोलतं, गाड्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर देतात. माझा ऐकायचा रेडिओ, हा स्कॅनर, दोन्हींवर आलटून पालटून फिरत राहतो. तुमचा टॉवर उंच, त्यामुळे तुझी बाजू मला इथे केस कापता कापता, खुर्चीपाशी उभ्या उभ्या स्वच्छ ऐकू येते. गाड्यांची बाजू मात्र गाडी आमच्या बाजूला आली तरच. एरवी ती मी भरून काढतो. तू म्हणालीस, "ठीक आहे, दोन तास," की समजायचं, तिकडून कोणी म्हणालं असणार की झाड पडलंय आणि करवत लागेल. तू हसलीस की समजायचं, बोलणारा चौदा नंबर गाडीवरचा तौनो रिन्ने आहे. तू त्या खुर्चीत बसायला लागल्यापासून ऐकतोय. चुकत नाही मी फारसा.

कायद्याची ऐकायला ना नाही. ऐकलेलं गावभर करायला आहे, असं जेगो म्हणतो. पण न्हाव्याच्या दुकानात येऊन कोणी विचारलं, "आर्मास, लाइट कधी येणार?" तर मी काय भिंतीकडे तोंड करून उभा राहू?

असो. मुद्द्याचं बोलतो. तुझ्या आईला पोचवून आलो आणि चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना तू कोट घातलास आणि निघून गेलीस. त्याला दोन हिवाळे झाले. त्यानंतर या घरात तुझं पाऊल नाही. लोक विचारतात. तिला ड्यूटी असते, असं मी सांगतो. पण तू का गेलीस ते मला पक्कं माहीत आहे. आईचा, माझ्या हेल्वीचा, सतरंज्या विणायचा माग मी चर्चच्या बायकांना देऊन टाकला. तो तुला हवा होता. बोलली नाहीस, पण मी काय आंधळा आहे? तर बायकांकडून तो मी परत आणलाय. येत्या आठवड्यात जेगोच्या ट्रकमधून तुझ्या दारात येईल. उतरवून घ्यायला कोणीतरी धट्टाकट्टा बोलावून ठेव.

बाबा


लार्च हार्बर
१३ ऑक्टोबर १९९६

सायमा,

माग परत आला. जेगो म्हणाला, तू दारातच त्याला कॉफी दिलीस, निसूची, आपल्या वेलचीच्या पावाची, जाड स्लाइस दिलीस, तब्येत विचारली, आणि म्हणालीस, "काका, हा घेऊन जा, मला विणता येत नाही आणि शिकायचंही नाही." एकशे वीस मैल तो माग फिरून आला. आता तो दुकानाच्या मागच्या खोलीत आहे आणि गिऱ्हाइकं त्याच्यावर टोप्या ठेवतात.

ठीक आहे. माग नव्हे. मग मी शांतपणे विचार केला आणि खरं कारण मला सापडलं. तळघरात पाद्रीबुवांनी विचारलं, "आता आर्मासकडे कोण बघणार?" आणि मी म्हणालो, "सायमा येईल की राहायला." तुझी नोकरी, तुझं घर सोडून तू इथे येऊन माझी बटाट्याची भाजी करावीस, असं मी चारचौघांत ठरवून टाकलं. त्याचाच तुला राग आला. तर ऐक, स्वयंपाक मला येतो. काल मांसबटाट्याचं सारण भरून पास्टी केली. जेगोने खाल्ली आणि म्हणाला, कॉर्नवॉलमधल्या त्याच्या आजीने ही पाहिली असती तर समुद्रात उडी मारली असती. पण खाल्ली. दोन खाल्ल्या. तेव्हा हे कारण आता उरलेलं नाही, तू यायला मोकळी आहेस.

दुसरी गोष्ट तौनोची. यात माझी चूक नव्हती हे तू आधी लक्षात घे. तू दुसऱ्या कुठल्याही गाडीशी बोलताना हसत नाहीस. चौदा नंबरशी बोलताना हसतेस. सोमवारी तर "आज संध्याकाळी बघू" असंही म्हणालीस. यातून शहाण्या माणसाने काय समजायचं? मंगळवारी तो केस कापायला आला. मी त्याला गरम टॉवेल दिला, दाढी फुकट केली आणि म्हणालो, "जावईबापू, मानेवर बारीक करू का?"

तो आरशातून माझ्याकडे बघतच राहिला. "आर्मासकाका, हे माझ्या बायकोच्या कानावर गेलं ना, तर मानच राहणार नाही बारीक करायला."

दुकानात पाचसहा जण होते. हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली. तौनोचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं हे मला कोणी सांगितलंच नाही. आणि संध्याकाळी बघायचं होतं ते एका खांबाचं कुजलेलं बूड. ते तरी मला कसं कळणार? त्याची बाजू कुठे ऐकू येते मला!

तुझ्या ऑफिसात हे पोचलं आणि लोकांनी तुला चिडवलं, असं तुझ्या गुरुवारच्या आवाजावरून वाटलं. कडक होतीस. त्याबद्दल वाईट वाटतं. पण मन लावून ऐकणारा बाप आहे म्हणूनच असं होतं, हेही ध्यानात घे.

बाबा


लार्च हार्बर
३ नोव्हेंबर १९९६

सायमा,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांत तुझ्या हातचं पहिलं अक्षर, म्हणून आधी नुसतंच बघत बसलो, मग वाचलं. तू लिहितेस, "तू मला ऐकतोस, माझ्याशी बोलत नाहीस. फोन नंबर तोच आहे. आणि जानेवारीपासून कंपनीचे नवे रेडिओ येतायत, ते तुझ्या डब्याला कळणार नाहीत. आधी सांगून ठेवते."

वाचलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. बोलत नाही? रोज सकाळी स्कॅनर लावला की मी म्हणतो, "उठलीस का?" तुझी पाळी संपली की म्हणतो, "गाडी सावकाश चालव." जेगो साक्षीला आहे. आता हे तुला ऐकू जात नाही, यात माझा काय दोष? मी फक्त ऐकायचं मशीन घेतलं. बोलायला लायसन लागतं.

जेगोला कार्ड दाखवलं. मला वाटलं तो माझी बाजू घेईल.

"फोनला लायसन लागत नाही," तो म्हणाला.

"फोन केला तर ती विचारेल, काय काम आहे. काम काही नाही. मग काय सांगू?"

"काम काही नाही, असं सांग."

या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. त्याची तिन्ही मुलं त्याच्याच गल्लीत राहतात, त्याला काय कळणार?

नव्या रेडिओंचं ऐकून दुकानात सगळ्यांना हळहळ वाटली. नव्यात आवाजाचे आकडे होतात म्हणे, आणि ते आकडे कुलूप लावून पाठवतात. मी घाबरलेलो नाही. माणसाने कुलूप केलं की दुसरा माणूस किल्ली करतोच. पण एक खरं सांगतो, कार्ड वाचल्यापासून मी गिऱ्हाइकांना जरा गप्प राहायला सांगतो. तू बोलत असलीस की कात्री थांबवतो. जानेवारी काही फार लांब नाही.

आणि तू का गेलीस ते मला आता कळलं आहे. माझे बूट. आईच्या दफनाला मी कामाचे बूट घालून आलो. काळे बूट सापडले नाहीत, कारण ते कुठे ठेवलेत हे तिलाच माहीत असायचं. तू माझ्या पायांकडे बघितलंस ते मला आठवतंय. बरोबर ना? आता काळे बूट सापडलेत. पॉलिश करून ठेवलेत.

बाबा


लार्च हार्बर
१७ नोव्हेंबर १९९६

सायमा,

मंगळवारी तुझ्या बाजूला काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूला काय झालं ते लिहितो, आणि घडलं तसंच लिहितो.

सकाळपासून ओला बर्फ पडत होता. चिखलासारखा जड, फांद्यांना चिकटून बसणारा. अशा दिवशी माझं दुकान भरतं. शेकोटी असते, कॉफी असते आणि फळीवर स्कॅनर असतो. गावात लाइट होती, पण जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. तू पहाटेपासून बसली होतीस. एकामागून एक गाड्या पाठवत होतीस आणि आवाजात जराही घाई नव्हती. मी सगळ्यांना म्हणालो, "बघा, याला म्हणतात काम." अभिमान वाटला तर वाटला, लपवत नाही.

मध्येच तू म्हणालीस, "चौदा, लाक्सो रस्ता, नोंदलं. सावकाश जा." तौनो काय बोलला ते ऐकू आलं नाही, तो तेव्हा टेकडीपलीकडे होता. मी माझ्या सवयीने भरून घेतलं. त्याने लाक्सो रस्त्याच्या तारेचं परमिट मागितलं, तू तार बंद करून दिलीस. लाइनमन तारेला हात घालण्याआधी परमिट घेतो आणि ज्याने घेतलं त्यानेच ते सोडायचं, हे मला पाठ आहे. ते तू नोंदलंस. झालं. मी लगेच मोठ्याने जाहीर केलं, "लाक्सो रस्ता बंद."

थोड्या वेळाने जेगो खुर्चीत बसला. डावी बाजू कापून झाली होती. तू ऑफिसचं नाव जोडून हाक मारायला लागलीस, "चौदा नंबर, आयर्नटन." उत्तर नाही. पुन्हा हाक मारलीस. कात्री थांबवून मी ऐकत होतो. आणि मग दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, खरखरीतून, तौनोचा आवाज आला. तुकड्या तुकड्यांनी. "आयर्नटन... चौदा... लाक्सो रस्ता, चर्चच्या पुढे... गाडी खड्ड्यात, खांबाला... पाय अडकलाय, निघत नाहीये..." मग नुसती खरखर.

लगेच तू: "चौदा नंबर, आयर्नटन. उत्तर दे."

तो पुन्हा तेच. तू पुन्हा हाक. तो तुला ऐकत होता, तू त्याला नाही. चर्चजवळच्या त्या खोलगट जागेतून त्याचा आवाज टेकडी ओलांडून तुमच्यापर्यंत पोचत नव्हता, पण माझ्या छपरापर्यंत पोचत होता. तुम्हा दोघांनाही ऐकणारा जिल्ह्यात मी एकटाच होतो, आणि माझ्याकडे बोलायचं मशीन नव्हतं.

जेगो अंगावरच्या पांढऱ्या चादरीसकट उठला. "तार?" त्याने विचारलं. "खांबाला धडकलाय. तिथली तार बंद आहे ना?"

"बंद आहे," मी म्हणालो. "सकाळीच परमिट घेतलंय त्याने."

मी चाचरलो नाही, सायमा. वेळ विचारल्यावर घड्याळ बघून सांगावं तसं सांगितलं. तो चादर फेकून पळाला. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच. पाठोपाठ बंबाचा भोंगा ऐकू आला.

मी फोनकडे गेलो, आणि तुझ्या ऑफिसचा नंबर माझ्याकडे नाही हे तेव्हा लक्षात आलं. इतकी वर्षं रोज तुझं ऑफिस ऐकतोय आणि नंबर नाही. कधी लागलाच नाही. मग बिलावरचा, तक्रारीचा नंबर लावला. बराच वेळ नुसती घंटी. मग एक मुलगी.

"नाव आणि पत्ता सांगा. तुमच्याकडे लाइट गेलीय का?"

"नाही, आहे."

"मग तक्रार काय आहे?"

"सायमा पेल्कोलाला फोन दे. तिचा बाप बोलतोय."

"आजोबा, आज इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. घरगुती निरोप..."

"चौदा नंबर उत्तर देत नाहीये ना? मला तो ऐकू येतोय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तू.

"बाबा?"

त्या एका हाकेवर मला बरंच काही बोलायचं होतं. बोललो नाही. म्हणालो, "तौनो लाक्सो रस्त्यावर आहे, चर्चच्या पुढे. गाडी खड्ड्यात गेलीय, पाय अडकलाय. तुमच्याकडे त्याचा आवाज पोचत नाहीये. जेगो माणसं घेऊन निघालाय. तार बंद आहे, तेव्हा लगेच काढतील..."

"तार बंद आहे हे कोण म्हणालं?"

"सकाळी परमिट घेतलं ना त्याने."

"तौनो असं बोललेलं तू ऐकलंस?"

"अगं, तू म्हणालीस ना, लाक्सो रस्ता, नोंदलं..."

"मी काय बोलले ते मला माहीत आहे. तो काय बोलला ते तू ऐकलंस की ठरवलंस?"

दुकानातले सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर मी या लोकांना लाइट कधी जाणार, कधी येणार, कोण कुठे आहे ते सांगत आलो. माझ्या तोंडावर शब्द तयार होता. ऐकलं. ऐकलं म्हटलं असतं तर अब्रू राहिली असती.

"ठरवलं," मी म्हणालो.

"तारेवर झाड टेकलंय, तार जिवंत आहे, बघून येतो, असं म्हणाला तो. परमिट घेतलेलंच नाही."

"सायमा, मी जेगोला सांगितलंय की बंद आहे."

तू एक श्वास घेतलास. तेवढाच. मग म्हणालीस, "फोन ठेवू नकोस," आणि तोंड बाजूला करून कोणाला तरी, "हार्बरचा फीडर पाडतेय, गावाचा सगळा पुरवठा. पूर्ण."

कुठला तरी पुरुषाचा आवाज, "पूर्ण? वृद्धाश्रम आहे त्यावर, शाळा आहे! कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या," तू म्हणालीस.

आणि माझ्या डोक्यावरचा दिवा गेला. आरशावरचे गेले. स्कॅनर बंद पडला. बॅटरीवर चालणारा संच मी कधी घेतला नाही. लाइट माझ्या पोरीच्या हातात आहे, बॅटरी कशाला, असं मी ऐटीत सांगायचो. आता गावात काय चाललंय ते मला काही, काही ऐकू येत नव्हतं. जेगो कुठवर पोचला असेल, खाली उतरला असेल का, हे ठरवायलाही माझ्याकडे काही नव्हतं. फक्त फोन होता.

तू तो टेबलावर उताणा ठेवला असावास. तू अँब्युलन्स बोलावलेली ऐकली. सात नंबरला वळवलेलं ऐकलं. साहेबाला "नंतर ओरडा" म्हणालेली ऐकली. मध्ये मध्ये तू फोन उचलून विचारायचीस, "बाबा, आहेस?"

"आहे."

एवढंच. मला किती वेळा सांगावंसं वाटलं की वृद्धाश्रमाचा स्वतःचा जनरेटर आहे, चर्चच्या मागून दुसरा रस्ता आहे. तू विचारलं नव्हतंस. गप्प बसलो.

मग तू आलीस आणि म्हणालीस, "सात नंबर पोचलाय. दोघंही जिवंत आहेत." मी दुकानात तेवढंच सांगितलं, शब्दाला शब्द.

फोन ठेवण्याआधी तू म्हणालीस, "बाबा, त्या दिवशी आईच्या..." आणि तिकडून कोणी तरी तुला हाक मारली. तू म्हणालीस, "ठेवते," आणि ठेवलास.

जेगो गुरुवारी आला. खुर्चीत बसला. उजवी बाजू तशीच होती, त्यावर टोपी घालून दोन दिवस फिरत होता. मी चादर बांधली. मग त्याने आरशातून माझ्याकडे बघून सांगितलं. तो पोचला तेव्हा तार गाडीच्या बॉनेटवर पडलेली होती. तौनो आतून हात हलवत होता, ये म्हणतोय की जा म्हणतोय कळत नव्हतं. जेगोने बंबातून एक पाय खाली टाकला. आणि त्याच क्षणी चर्चच्या ओसरीतला दिवा विझला.

"जळत होता तो, आर्मास! दिवा जळत होता, आणि मी तिकडे बघितलंच नाही. तू म्हणाला होतास ना, तार बंद आहे. मग दिव्याकडे कशाला बघू?"

मी म्हणालो, "मला माफ कर." त्याने मान हलवली. "केस काप," म्हणाला. मी कापले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

तुझा साहेब तुला बोलला असेल. बापाच्या फोनवर अख्खं गाव काळोखात घातलंस असं म्हणाला असेल. काय म्हणाला ते तूच सांग. मला माहीत नाही.

बाबा


लार्च हार्बर
५ जानेवारी १९९७

सायमा,

नवे रेडिओ चालू झाले. गुरुवारी सकाळी दुकान उघडून स्कॅनर लावला आणि "उठलीस का?" म्हणालो. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तोही नाही. दिवसभर चालूच ठेवला. जेगो म्हणाला, "बंद कर रे, केस उभे राहतात." संध्याकाळी बंद केला.

लाइट कधी येणार, असं काल एकाने विचारलं. मी म्हटलं, कंपनीला फोन कर. जेगोने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

तौनो कुबडी घेऊन आला होता. पाय दोन ठिकाणी मोडलाय, पण नाचता येईल असं डॉक्टर म्हणतात. आधी येत नव्हतं, असं त्याची बायको म्हणते. ती बरोबर आली होती. चांगली आहे पोरगी. मी तिला कॉफी दिली आणि कशाबद्दलही अंदाज केला नाही.

तू ख्रिसमसला आली नाहीस. ड्यूटी होती की यायचं नव्हतं, यातलं एक उचलून मी नेहमीसारखा मोकळा झालो असतो. झालो नाही.

तुझं ते अर्धं वाक्य माझ्याकडे राहिलंय. "बाबा, त्या दिवशी आईच्या..." दाढी करताना, लाकडं फोडताना, सौनात बसल्या बसल्या मी ते पुरं करत होतो. कधी त्यात माग आला, कधी बूट, कधी पाद्रीबुवा. कधी तू मला क्षमा केलीस, कधी चांगलं फैलावर घेतलंस. फार सुंदर वाक्यं झाली, बरं का. पण त्या सगळ्यांत आवाज तुझा होता आणि बोलणं माझं होतं. आई गेल्यापासून मी हेच करतोय. कदाचित आधीपासून. हेल्वीचंही करत असेन, तिने कधी तक्रार केली नाही म्हणून मला वाटायचं की बरोबर भरतोय.

मला तुझी आठवण येते. रोज आवाज ऐकत होतो, म्हणून येत नाही असं समजत होतो.

येत्या रविवारी दुपारी मी फोन करीन. काम काही नाही. मी एक प्रश्न विचारीन आणि गप्प बसेन. तू लगेच बोलली नाहीस तरी गप्प बसेन. रडलीस, चिडलीस, फोन आपटलास, तरी मधे बोलणार नाही. तुला विचार करायला वेळ मिळावा म्हणून प्रश्न आत्ताच लिहून पाठवतो. खरं तर तो मी दोन वर्षांपूर्वी, तू कोट घालत होतीस तेव्हाच विचारायला हवा होता.

त्या दिवशी तू का गेलीस, सायमा? मला माहीत नाही.

बाबा